कालश्टाटची माहेरवाशीण

राइन नदीच्या पश्चिमेस, हार्ट नावाच्या डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, द्राक्षमळ्यांच्या हिरव्या रांगांत बसलेले कालश्टाट हे एक खेडे आहे. वस्ती जेमतेम बाराशेची. वालुकाश्माच्या भिंती, द्राक्षांनी लादलेली गाडी सहज आत यावी एवढे रुंद कमानीचे दरवाजे, आत फरसबंद चौक आणि खाली मद्याची थंड तळघरे, अशी तेथील जुन्या घरांची ठेवण. फाल्त्स नावाचा हा मुलूख जर्मनीतील उबदार प्रदेशांत गणला जातो. उत्तरेकडे थंडीने अद्याप काढता पाय घेतलेला नसतो तेव्हा, मार्चमध्येच, येथील बदामाची झाडे गुलाबी फुलांनी डवरतात, पुढे अंगणातून अंजिरे पिकतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी सुरू झाली की अवघे गाव मळ्यात लोटते. डुकराचे जठर स्वच्छ धुऊन त्यात बटाट्याच्या फोडी, मांसाचे तुकडे आणि मसाला भरायचा, तोंड शिवून ते मंद आचेवर पाण्यात शिजवायचे आणि मग त्याचे जाड काप काढून तव्यावर परतायचे, हा तेथील खास पदार्थ. त्याला ‘झाउमागन’ म्हणतात, आणि गावातील सर्वांत नामांकित द्राक्षमळ्याचे नावही तेच आहे.

१८८० सालच्या १० ऑक्टोबरला, ऐन तोडणीच्या हंगामात, या गावातील फिलिप क्रिस्ट यांच्या घरी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव एलिझाबेथ. वडिलांचा स्वतःचा मळा होता, परंतु तो एवढा लहान की त्यावर प्रपंच चालणे अशक्य. म्हणून ते जुनी भांडी दुरुस्त करून, उजळून देण्याचा धंदा करीत. या एका घराच्या ओढग्रस्तीमागे साऱ्या मुलखाची कहाणी होती. फ्रेंच अमलात रूढ झालेल्या वारसाहक्काच्या कायद्याने बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई. न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होती, पण तीन-चार पिढ्यांच्या वाटण्यांनंतर एकेकाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या रांगा उरत, आणि त्यातच एखाद्या वर्षी हिमाने कोंब करपले की सावकाराचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसे. १७०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर फाल्त्समधील हजारो माणसे राइनच्या प्रवाहाबरोबर खाली उतरून परमुलखास निघून गेली, ती वाट पुढे दोनशे वर्षे मळलेलीच राहिली. टोमॅटोच्या सॉसमुळे ज्यांचे नाव जगाच्या स्वयंपाकघरात पोहोचले त्या हेन्री हाइन्झ यांचे वडील १८४० साली याच कालश्टाटहून अमेरिकेस गेले. एलिझाबेथ दोन वर्षांची असताना, म्हणजे १८८२ साली, एका वर्षात सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. तेवढा आकडा त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही.

एलिझाबेथच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, ट्रम्प नावाचे कुटुंब राहत असे. याच घरात सून म्हणून ती गेली, आणि तिचा नातू डोनाल्ड ट्रम्प पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. या नातवाविषयी जगात एवढे लिहिले गेले आहे की त्यात आणखी भर घालण्याचा या लेखाचा हेतू नाही. आजोबांविषयीही पुष्कळ लिहिले गेले. सोन्याच्या शोधार्थ धावणाऱ्या गर्दीला जेवू घालून त्यांनी मिळवलेला पैसा हा चरित्रकारांच्या आवडीचा विषय आहे. आजीचा उल्लेख मात्र या दोन पुरुषांच्या मधल्या एखाद्या परिच्छेदात येतो आणि सरतो. माझ्या मते त्या कुटुंबाच्या इतिहासातील निर्णायक घटना तिच्याच आयुष्यात घडल्या. ती ज्या देशात राहू इच्छीत नव्हती तेथे तिला राहावे लागले, आणि त्या सक्तीच्या मुक्कामातच तिने घराण्याचा पाया घातला. म्हणून तिची कथा तिच्याच बाजूने सांगितली पाहिजे.

समोरच्या घरातील फ्रीड्रिख तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो आठ वर्षांचा असताना त्याचे वडील छातीच्या विकाराने वारले आणि कर्ज मागे ठेवून गेले. मळ्यात राबण्याइतकी मुलाची प्रकृती धडधाकट नाही असे पाहून आईने त्याला चौदाव्या वर्षी जवळच्या फ्रांकेन्टाल गावी न्हाव्याकडे उमेदवारीस ठेवले. उमेदवारी संपवून तो परतला, पण एवढ्याशा गावात आणखी एका न्हाव्याला काम कोठून मिळणार? १८८५ च्या ऑक्टोबरात, सोळाव्या वर्षी, आईसाठी एक चिठ्ठी लिहून ठेवून तो रातोरात ब्रेमेनच्या वाटेला लागला आणि ‘आयडर’ जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचला. एलिझाबेथ तेव्हा पाच वर्षांची होती. त्याने न्यूयॉर्कमध्ये केस कापले, मग पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटल येथे खानावळ काढली, १८९२ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला, आणि क्लोंडाइकच्या सोन्याची आवई उठली तेव्हा कुदळ न घेता बेनेट आणि व्हाइटहॉर्स येथे जाऊन त्याने खाणकऱ्यांसाठी उपाहारगृह आणि मुक्कामाची सोय उभारली. १९०१ साली तो चांगली माया जमवून वधूसंशोधनासाठी गावी परतला तेव्हा त्याच्या नजरेत भरली ती समोरच्या घरातील, आता वीस वर्षांची झालेली एलिझाबेथ. त्याच्या आईला हे स्थळ पसंत नव्हते. एवढी दौलत मिळवून आलेल्या मुलाने भांडी दुरुस्त करणाऱ्याची लेक करावी, याहून वरच्या घरची का करू नये, असा तिचा आक्षेप होता. मुलाने तो मानला नाही. २६ ऑगस्ट १९०२ रोजी विवाह झाला आणि नवपरिणीत दांपत्य न्यूयॉर्कला रवाना झाले.

तेथे ब्राँक्स भागातील मॉरिसेनिया येथे त्यांनी बिऱ्हाड थाटले. वस्ती मुख्यतः जर्मन. दुकानात, रस्त्यात, प्रार्थनामंदिरात जर्मनच कानी पडे, आणि भाषेच्या अडचणीने कोंडमारा व्हावा अशी परिस्थिती नव्हती. पतीची मिळकत चांगली होती, आणि १९०४ च्या ३० एप्रिलला पहिली मुलगीही झाली. लौकिकार्थाने काही कमी नसलेल्या या संसारात एलिझाबेथचे मन मात्र रमले नाही. कालश्टाटचा ध्यास तिला लागला तो सुटेना. आईबाप जेथे होते, बालपण जेथे गेले, रस्ता ओलांडला की सासर आणि मागे वळून पाहिले की माहेर असे जेथे सहज होते, त्या गावाहून हजारो मैलांवर चारमजली इमारतींच्या गल्लीत पहिल्या बाळंतपणाचे दिवस काढणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीची ओढ समजावून सांगण्याची मराठी वाचकास गरज नाही. त्याच वर्षी १५ जूनला ‘जनरल स्लोकम’ नावाच्या सहलीच्या बोटीला ईस्ट नदीत आग लागून न्यूयॉर्कमधील सेंट मार्क या जर्मन ल्युथेरन मंडळीतील हजारावर माणसे, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले, जळून वा बुडून मृत्यू पावली. एकेका घरातील आई आणि सर्व लेकरे एकाच दिवशी गेली आणि शहरातील जुनी जर्मन पेठ त्या शोकातून पुन्हा सावरली नाही. त्याच उन्हाळ्यात फ्रीड्रिखने पत्नीच्या हट्टापुढे मान तुकवून पारपत्रासाठी अर्ज केला, आणि तान्ह्या मुलीला घेऊन तिघे कालश्टाटला परतले. त्याने आपली सारी पुंजी, सुमारे ८०,००० मार्क, तेथे जमा केली. परतीचा हा प्रवास पाहुण्यांचा नव्हता, कायमच्या वास्तव्याचा होता.

येथे सरकार आडवे आले. फाल्त्स हा मुलूख १८१६ पासून बव्हेरियाच्या राजसत्तेखाली होता, आणि बव्हेरियाच्या प्रत्येक तरुणाला ठराविक वयात लष्करी चाकरी करावी लागे. फ्रीड्रिख सोळाव्या वर्षी देश सोडून गेला तो सरकारदरबारी कोणतीही नोंद न करता, आणि परत आला तो पस्तिशी ओलांडल्यावर, म्हणजे लष्कराच्या हक्काची मुदत टळल्यावर. हा काळाचा योग अधिकाऱ्यांना निव्वळ योग वाटला नाही. कालश्टाटच्या ग्रामसभेने त्याच्या बाजूने अनुकूल साक्ष दिली. सधन माणूस गावात राहावा, कर भरावा, हे गावाच्या हिताचेच होते. परंतु वरच्या कचेऱ्यांनी ती साक्ष मानली नाही. १९०४ च्या २४ डिसेंबरला, ज्या संध्याकाळी जर्मन घरात देवदाराच्या फांद्यांवर मेणबत्त्या लावतात त्याच दिवशी, अंतर्गत खात्याने त्याच्या हद्दपारीची चौकशी जाहीर केली, आणि २७ फेब्रुवारी १९०५ चा हुकूम आला की अमेरिकेचे नागरिकत्व पत्करलेल्या या इसमाने १ मेच्या आत बव्हेरियाच्या हद्दीबाहेर जावे, अन्यथा त्यास सक्तीने घालवून देण्यात येईल.

हा हुकूम आणि त्यावर फ्रीड्रिखने केलेला अर्ज श्पायर येथील दप्तरखान्यात शतकाहून अधिक काळ पडून होता. रोलांड पॉल या फाल्त्सच्या इतिहासाच्या अभ्यासकाने तो उजेडात आणला आणि २०१६ च्या नोव्हेंबरात, नातवाच्या निवडणुकीनंतर काही दिवसांतच, तो जगभर छापला गेला. बव्हेरियाचा राजा ओटो हा वेडसर असल्यामुळे त्याचा चुलता लुइटपोल्ड हा राज्य पाहत असे. अर्ज त्यालाच उद्देशून आहे. आपल्याकडील जुन्या दप्तरांतून ‘गरीबपरवर’, ‘खाविंद’ अशा पदव्यांनी आरंभ होणारे अर्ज ज्यांनी वाचले असतील त्यांना त्यातील विनम्रतेचा सूर अगदी परिचित वाटेल. आपण प्रामाणिक प्रजाजन आहोत, न्यूयॉर्कचे हवामान पत्नीस मानवले नाही म्हणून आलो, या हुकमाच्या धक्क्याने पत्नी कासावीस झाली आहे, मुलगी आजारी पडली आहे, तरी कृपावंतांनी राहू द्यावे.

या अर्जात एलिझाबेथचे दर्शन होते ते एवढेच. तिच्या मनातील माहेरची ओढ सरकारी भाषेत उतरताना हवामान होऊन उतरली, कारण हवामानाचे कारण कागदावर टिकण्याजोगे असते आणि ओढीला कायद्यात कलम नसते. सही पतीची, गुन्हा पतीचा, नागरिकत्व पतीचे. पण ज्या इच्छेपोटी हे सारे घडले ती इच्छा तिची होती, आणि शिक्षाही मुख्यतः तिलाच झाली. फ्रीड्रिखने गाव एकदा स्वखुशीने सोडलेच होते; जगाच्या पाठीवर कोठेही दुकान मांडण्याची त्याची तयारी होती. गाव गमावले ते तिने, आणि तेही स्वतः कोणताही नियम न मोडता. बव्हेरियाच्या अधिकाऱ्यांनी कायद्याचा अर्थ चुकीचा लावला असे मी म्हणत नाही. जे हजारो तरुण निमूटपणे बराकीत भरती झाले त्यांच्यापुढे त्यांना समान न्याय दाखवायचा होता. पण कायदा बरोबर असतानाही एका निरपराध स्त्रीचे माहेर तोडले गेले, हे त्या हुकमाच्या वाचकाने विसरू नये असे मला तळमळीने वाटते.

अर्ज फेटाळला गेला. मुदती थोड्याफार लांबल्या, आणि अखेर जूनच्या शेवटी हे कुटुंब हांबुर्गला आले व ‘पेन्सिल्व्हेनिया’ नावाच्या जहाजावर चढले. लग्नानंतरच्या तीन वर्षांत एलिझाबेथचे हे तिसरे अटलांटिक-उल्लंघन. या खेपेस तिच्या कडेवर चौदा महिन्यांची मुलगी होती आणि पोटात सहावा महिना चालू होता. कालश्टाटच्या घरात ज्याची चाहूल लागली तो मुलगा ११ ऑक्टोबर १९०५ रोजी, तिच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ब्राँक्समध्ये जन्मला. बापाचेच नाव त्याला दिले, आणि तोच पुढे फ्रेड ट्रम्प म्हणून प्रसिद्धीस आला. १९०७ साली जॉन हा दुसरा मुलगा झाला. फ्रीड्रिखने वॉल स्ट्रीटवर केशकर्तनालय चालवले, एका हॉटेलचा कारभार पाहिला, आणि क्वीन्स भागात, जेथे तेव्हा शेते आणि ओसाड जागाच अधिक होत्या, वुडहेवन येथील जमैका अ‍ॅव्हेन्यूवर मालमत्ता घेतली. शहर त्या दिशेने सरकणार हे त्याने ओळखले होते. कुटुंबही तिकडेच राहावयास गेले. घरात जर्मन बोलली जाई आणि संसार शिस्तीचा व काटकसरीचा होता.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि कालपर्यंत उद्यमशीलतेसाठी नावाजली जाणारी जर्मन वस्ती एका रात्रीत संशयास पात्र झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने जर्मन भाषेतील संगीतनाटके बंद केली. जर्मन वृत्तपत्रांना युद्धविषयक मजकुराचे इंग्रजी भाषांतर टपालखात्यास सादर करणे भाग पडले. कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचेसुद्धा जर्मन नाव बदलण्यात आले. १९१८ च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन कामगाराला जमावाने झाडाला टांगून ठार केले. अशा त्या वसंतात, मे महिन्याच्या २९ तारखेस, फ्रीड्रिख आपल्या बारा वर्षांच्या फ्रेडबरोबर रस्त्याने चालत असता एकाएकी त्याला बरे वाटेनासे झाले. तो घरी येऊन अंथरुणावर पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. वय अवघे एकोणपन्नास. इन्फ्लुएंझाच्या महामारीचे रूप अजून कोणाच्या पुरते ध्यानात आले नव्हते. तिच्या पहिल्या लाटेतील बळींपैकी तो एक. हाच ताप जूनमध्ये मुंबईच्या गोदीत उतरला, तेथे पहाऱ्यावर असलेले शिपाई १० जूनला इस्पितळात दाखल झाले, आणि पावसाळा संपता संपता महाराष्ट्रातील खेडीच्या खेडी ओस पाडून गेलेली ती मानमोडीची साथ आपल्या आजी-पणजींनी पिढ्यानुपिढ्या सांगितली. भारतात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. जमैका अ‍ॅव्हेन्यूवरची विधवा आणि सातारा-सोलापूरकडच्या असंख्य विधवा एकाच वर्षी, एकाच रोगाने कपाळ पांढरे करून बसल्या, ही गोष्ट मला वारंवार आठवते.

पतीच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ जूनपासून, देशभरातील जर्मन नागरिकत्वाच्या स्त्रियांना शत्रुपक्षीय परके म्हणून नाव नोंदवणे सक्तीचे झाले. शहरात पोलीस ठाण्यात आणि खेड्यात टपालकचेरीत जाऊन, छायाचित्र चिकटवून, सर्व बोटांचे ठसे देऊन, कोणते नातलग शत्रूच्या सैन्यात आहेत याची जबानी लिहून द्यायची, आणि मग जो ओळखपत्राचा कागद मिळेल तो सदैव जवळ बाळगायचा. स्त्रीचे नागरिकत्व तेव्हा पतीवर अवलंबून असे; म्हणून अमेरिकेतच जन्मलेल्या परंतु जर्मनाशी लग्न केलेल्या बायकांना या रांगेत उभे राहावे लागले, आणि कालश्टाटमध्ये जन्मलेली एलिझाबेथ, पती १८९२ सालीच अमेरिकन झाल्यामुळे, त्या यादीबाहेर राहिली. ज्या नागरिकत्वापायी तिचे माहेर सुटले त्याच नागरिकत्वाने वैधव्याच्या पहिल्या महिन्यात तिची पोलीस ठाण्याची पायरी चुकवली.

येथून पुढे तिला एकेरीत संबोधणे मला प्रशस्त वाटत नाही. सदतीस वर्षांच्या एलिझाबेथबाईंच्या हाती आता चौदा, बारा आणि दहा वर्षांची तीन मुले होती. मालमत्तेची मोजदाद झाली ती ३१,३५९ डॉलरची: क्वीन्समधील सात खोल्यांचे दुमजली घर, पाच मोकळ्या जागा, चार हजार डॉलर शिल्लक, ३,६०० डॉलरचे रोखे आणि चौदा गहाणखते. रक्कम बेताची म्हणता येणार नाही. पण युद्धानंतरच्या महागाईत आणि त्यापाठोपाठच्या मंदीत ती झपाट्याने आटू लागली. अशा प्रसंगी विधवेने जागा विकाव्यात, आलेल्या पैशाच्या व्याजावर मुले वाढवावीत आणि दिराच्या वा भावाच्या आश्रयाने दिवस कंठावेत हा त्या काळचा, तिकडचा आणि इकडचाही, रिवाज. एलिझाबेथबाईंनी तो पत्करला नाही. घरखर्चाला हातभार म्हणून त्यांनी शिवणकाम घेतले. आणि पतीने घेऊन ठेवलेल्या मोकळ्या जागांबाबत त्यांनी जे ठरवले त्यात मला त्यांच्या बुद्धीची खरी चमक दिसते. जागा नुसती विकली तर पैसा एकदाच येतो. म्हणून त्यांनी एका कंत्राटदाराला गाठून जागेवर घर बांधून घ्यायचे, ते विकायचे, पण किमतीचा मोठा भाग ग्राहकाकडून रोख न घेता घर गहाण लिहून घेऊन हप्त्याने वसूल करायचा, आणि त्या हप्त्यांच्या नियमित उत्पन्नावर प्रपंच चालवून पुढच्या जागेची सोय लावायची, अशी साखळी बसवली. पतीने जमीन घेतली होती. तिच्यातून चालता धंदा एलिझाबेथबाईंनी काढला.

मुलांसाठीही त्यांनी आखणी केली होती. थोरल्या मुलीने कचेरी सांभाळावी, फ्रेडने बांधकाम पाहावे आणि धाकट्या जॉनने वास्तुशास्त्र शिकून नकाशे काढावेत, म्हणजे तिन्ही अंगे घरातच राहतील. फ्रेडला शाळेपासूनच सुतारकामाचे वेड. १९२३ च्या जानेवारीत शालेय शिक्षण आटोपताच तो बांधकामाच्या कामावर रुजू झाला, आणि पहिल्या घरासाठी आईने त्याला ८०० डॉलर कर्जाऊ दिले असे कुटुंबात सांगितले जाई. तथापि न्यूयॉर्कच्या कायद्याने एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत तो अज्ञान. धनादेशावर, करारावर, खरेदीखतावर त्याच्या सहीला किंमत नव्हती. आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी जी नोंद असते ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नाते तत्काळ उमगेल. फरक एवढाच की आपल्याकडील बहुतेक आयांच्या वाट्याला नोंद येते आणि कारभार दीर-भावाकडे जातो, तर येथे नोंद आणि कारभार दोन्ही आईकडे होते. कंपनीचे नाव पडले ‘ई. ट्रम्प अँड सन’. त्यातील ‘ई’ म्हणजे एलिझाबेथ. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एक पोरगेला न्हावी चिठ्ठी ठेवून निघून गेला होता त्या घराण्याच्या पहिल्या पाटीवर त्याचे नाव आले नाही, मुलाचेही आले नाही. आले ते भांडी दुरुस्त करणाऱ्याच्या लेकीचे. १९२७ साली, फ्रेड सज्ञान झाल्यावर, कंपनीची रीतसर नोंदणी झाली तेव्हाही ते नाव कायम राहिले.

जॉन त्या आखणीतून निसटला. भावाबरोबर थोडे दिवस काम करून तो विद्युत्-अभियांत्रिकीकडे वळला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाला, उच्चदाबाच्या क्ष-किरणयंत्रांनी कर्करोगावर उपचार करण्याच्या शास्त्रात त्याने मोलाची भर घातली, आणि १९४३ साली निकोला टेस्ला वारल्यावर सरकारने त्यांचे कागदपत्र तपासण्याचे काम त्याच्यावर सोपवले. आईने त्याला अडवल्याचे कोठे नमूद नाही. फ्रेडने ब्रुकलिन आणि क्वीन्समध्ये पुढे सत्तावीस हजारांहून अधिक बिऱ्हाडे बांधली. १९३६ साली त्याने स्कॉटलंडच्या लुइस बेटावरून मोलमजुरीसाठी आलेल्या, गेलिक ही मातृभाषा असलेल्या मेरी अ‍ॅन मॅक्लाउडशी लग्न केले. म्हणजे सासू आणि सून दोघीही आपापले खेडे समुद्रापार सोडून आलेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर एलिझाबेथबाईंच्या पूर्वायुष्यावर दुसरा आघात झाला, आणि तो घरातूनच झाला. फ्रेडच्या इमारतींतील भाडेकरूंत ज्यूंची संख्या मोठी होती. हिटलरच्या जर्मनीशी कोणताही संबंध जोडला जाणे धंद्यास मारक ठरेल या भीतीने ट्रम्प घराणे मूळचे स्वीडनचे असे सांगण्यास आरंभ झाला. हे असत्य इतके रुळले की १९८७ साली नातवाच्या गाजलेल्या पुस्तकातही आजोबा स्वीडनहून आल्याचेच छापले गेले. भीतीचे कारण मी समजू शकतो. पण ज्या बाईंनी कालश्टाटसाठी संसार गुंडाळून समुद्र ओलांडला होता, ज्या गावातून राजाज्ञेने निघावे लागल्याचे दुःख त्यांनी भोगले होते, त्या गावाचे नाव त्यांच्या हयातीत त्यांच्याच मुलाने पुसून टाकले, याची बोच कोणत्याही व्यावहारिक सबबीने कमी होत नाही. बव्हेरियाच्या सरकारने त्यांना गावाबाहेर काढले होते. आता गावच त्यांच्या चरित्रातून काढले गेले.

कामातून मात्र त्यांना कोणी काढू शकले नाही. सत्तरी उलटल्यावरही त्या मुलाच्या इमारतींत जात, तेथील कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पेट्या उघडीत आणि भाडेकरूंनी टाकलेली नाणी गोळा करून आणीत. मुलगा कोट्यधीश झाला होता आणि या नाण्यांवाचून कोणाचे काही अडणार नव्हते. पण एके काळी हप्त्याहप्त्याने आलेल्या डॉलरवर तीन मुले वाढवलेल्या बाईच्या लेखी येणे असलेला पैसा वेळेवर वसूल होणे हा धंद्याचा पहिला नियम होता, आणि तो नियम मुलाच्या श्रीमंतीने रद्द झालेला नव्हता.

६ जून १९६६ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, एलिझाबेथबाई वारल्या आणि क्वीन्समधील मिडल व्हिलेज येथील ल्युथेरन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. अठ्ठेचाळीस वर्षांचे वैधव्य त्यांनी काढले, त्यांतील बहुतेक काळ कंपनीच्या हिशेबाशी संबंध ठेवून. डोनाल्ड तेव्हा विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता आणि त्याच वर्षी व्यापारशास्त्राच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियास जाणार होता. १९७१ साली कारभार त्याच्याकडे आला आणि पुढे कंपनीला ‘ट्रम्प ऑर्गनायझेशन’ हे नाव रूढ झाले. पाटीवरचा ‘ई’ गेला. आजोबांच्या सुवर्णयात्रेच्या कथा चरित्रांतून येत राहिल्या. त्या कथांतील उपाहारगृहे मोडली, काही गावे ओस पडली आणि त्यांतून आणलेले ८०,००० मार्क कालश्टाटला पोहोचले ते एलिझाबेथबाईंच्या हट्टामुळे. क्वीन्समधील जी घरे त्यांच्या सहीने उभी राहिली त्यांवर मात्र या घराण्याचा पुढचा सारा व्यवहार उभा आहे.